चौथी ओळ माझ्याकडं होती

मी वायरमन माणूस. मळवलीपासून लोणावळ्यापर्यंतच्या बंगल्यांचे गिझर, मोटारी, इन्व्हर्टर यांच्यावर माझं पोट चालतं. गाण्याशी संबंध म्हणाल तर गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतो, तेवढाच. आवाज असा, की आरतीलासुद्धा मी नुसते ओठ हलवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून मला कुणी उगाच कलावंत समजायला नको.

चार वर्षं झाली असतील. रुळांच्या पलीकडच्या एका बंगल्यात गिझर बघायला गेलो होतो. हॉलमध्ये सहा जण डोळे मिटून मांडी घालून बसलेले. एक सत्तरीच्या पुण्याच्या ताई, एक हंगेरीची व्हायोलिन वाजवणारी मुलगी, एक बंगाली दादा दोतारा घेऊन, बाकी तिघं चिली, तुर्कस्तान आणि केरळचे. कुणी हूं का चूं करेना. मी हातात टेस्टर घेऊन अर्धा तास उभा. मनात म्हटलं, हे काय झेंगट आहे बुवा. मग एकदम गायला लागले, कुठल्याशा परक्या भाषेतलं मेंढरं राखणाऱ्यांचं गाणं, आणि माझी बोटं आपोआप पिशवीवर चालायला लागली. ताईंनी डोळे न उघडताच विचारलं, ‘‘उद्या मृदंग घेऊन याल?’’

गेलो. जातच राहिलो. जगभरातल्या साध्या माणसांची गाणी गोळा करून गाणं, हीच त्यांची पूजा. देवाचं नाव फारसं घेत नसत, पण गायला बसायच्या आधी हात धुवायचे.

त्यांचे नियम मात्र एकेक नग होते. गाणं लिहायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही. दारातच एक स्टीलचा तांदळाचा डबा ठेवलेला, सगळ्यांनी आपापले फोन त्यात टाकायचे. आणि नवीन गाणं आलं की त्याच्या ओळी वाटून घ्यायच्या, एका माणसाकडं एकच ओळ. दुसऱ्याची ओळ चालू असताना ती ऐकायची आणि सोडून द्यायची, मनात धरून ठेवायची नाही. अख्खं गाणं कुणा एकाकडं राहिलं की त्याला ‘माझं’ म्हणावंसं वाटतं, असं ताईंचं म्हणणं. सगळे जमले तरच गाणं पुरं व्हायचं. मला तेव्हा हे फार भारी वाटलं होतं. घरी येऊन बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही होतं.

एकदा ताईंनी विचारलं, ‘‘इथल्या मातीतलं काही आहे का हो?’’ मी आईचं नाव काढलं. आईचं माहेर आंबी. तिच्या आईनं आवणीच्या वेळी, भाताची रोपं लावताना म्हणायचं एक गाणं तिला दिलेलं, सात ओळींचं. आता आवणीला बाहेरच्या मजूर बाया येतात, मोबाईलवर गाणी लावून रोपं लावतात. आईला कित्येक वर्षांत कुणी ‘म्हण’ म्हटलं नव्हतं. ती लाजली, मग ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्या स्कूटरवर मागं बसली.

महिनाभर रोज दुपारी ती त्यांना शिकवत होती. हंगेरीच्या मुलीला पहिली ओळ मिळाली, ‘माझ्या माहेरच्या खाचरात पाणी चढं गुडघ्याला.’ पोरीला ‘गुडघ्याला’ म्हणता येईना. आई तिचा गुडघा दाबून दाबून म्हणून घ्यायची आणि हसायची. दुसरी बंगाली दादाला, ‘मूठ रोपाची सोडिते, बाई, एकेक बोटाला.’ तिसरी चिलीच्या बासरीवाल्याला, ‘बांधावरनं कोण गेलं, माझं मन गेलं वाटंला.’ चौथी ओळ माझ्या वाट्याला आली. बांधावरनं कोण गेलं, ते त्या ओळीत होतं.

आणि मी ती शिकलो नाही. माझे दोन्ही हात मृदंगावर, आवाज असा फाटका, आणि आई शेजारीच बसलेली. माझी पाळी आली की तीच म्हणून टाकायची. ‘‘ह्याचं तोंड देवानं वाजवायला न्हाई दिलं, हात दिल्यात,’’ असं म्हणायची. सगळे हसायचे, मीही हसायचो. बायको एकदा म्हणाली, ‘‘तिथं नसेल चालत, घरी तरी रेकॉर्ड करून ठेवा की.’’ मी म्हणालो, ‘‘करू की. आई कुठं पळून चाललीय?’’

पुढं एकेकाचा व्हिसा संपला. ताई पुण्याला गेल्या, त्यांचे गुडघे धरले होते. बंगला आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देतात. मागं पोहण्याचा तलाव बांधलाय, त्याची मोटार मीच बसवली.

गेल्या दिवाळीनंतर आईची उजवी बाजू गेली. सोमाटण्याच्या दवाखान्यात दहा दिवस काढले. पाय थोडा आला, वाचा नाही आली. डोळ्यांत सगळं कळतंय, पण तोंडातून नुसता ‘अं अं’. जिनं सगळ्या आळीला बोलून बोलून जेरीस आणलं, तिला पाणी मागता येईना. मी आतल्या खोलीत जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू.

बोलणं शिकवणारी एक तरुण बाई दवाखान्यात येते. ती म्हणाली, ‘‘कधी कधी बोलणं गेलेली माणसं पाठ असलेलं गाणं म्हणू शकतात, काका. त्यांच्या रक्तात मुरलेलं काहीतरी लावा. पण मधे तुटू देऊ नका, सलग झालं पाहिजे. त्यातून शब्द सुटायला लागतात कधी कधी.’’

हरिपाठ लावला. ती भिंतीकडं बघत राहिली. आरत्या लावल्या, तेच. मग मला आवणीचं गाणं आठवलं.

सगळ्यांना निरोप धाडले. हंगेरीच्या मुलीनं तासाभरात आपली ओळ म्हणून पाठवली. दुसऱ्या दिवसापर्यंत सहाच्या सहा ओळी माझ्या फोनमध्ये. कुणी स्वयंपाकघरातून म्हटलेली, कुणी रस्त्यावरून. ताईंनी सातवी पाठवली, आवाज थरथरत होता. एकही शब्द इकडचा तिकडं नाही.

मी फोन आईच्या उशाशी ठेवून पहिली ओळ लावली. ती मुलगी अजूनही ‘गुडग्याला’च म्हणते. आईचे डावीकडचे ओठ हलले, आणि आवाज आला, ‘‘गु...डघ्याला.’’ अडीच महिन्यांत पहिला शब्द, तोही त्या पोरीची चूक दुरुस्त करणारा. बायको पोळी तव्यावर टाकून धावत आली. दुसऱ्या ओळीला आई अर्धी बरोबर. तिसरीला जवळजवळ सगळी. ‘...मन गेलं वाटंला.’

मग ती थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

मला ठेका आठवत होता. कुठं सम, कुठं तिची मान हलायची, सगळं. शब्द एकही नाही. शेवट ‘ला’ला होता एवढंच. घाईघाईनं पाचवी ओळ लावली. तिनं डाव्या हातानं फोन ढकलून दिला.

बंगाली दादाला फोन केला. तो म्हणाला, चाल आठवते, शब्द माझे नव्हते, सोडून दिले. चिलीचा तेच म्हणाला. केरळचा, तुर्कस्तानचा, तेच. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘मी नाही हो धरून ठेवलं. तेच तर शिकवत होते तुम्हाला.’’ मला इतका राग आला, की माझ्या वयाचा आणि त्यांच्या वयाचाही विचार न करता बोललो. असली कसली साधना, एका म्हातारीचं बोलणं अडकून पडलंय आणि तुम्ही सगळे सोडून देऊन मोकळे. त्या रडायला लागल्या. पण त्यांनी आपली ओळ सांभाळली होती की. सहाही जणांनी सांभाळली, त्यातल्या पाच जणांनी तर परक्या भाषेतली, अर्थ न कळता. ज्यानं सांभाळली नाही तो मराठी बोलणारा, तिच्या पोटचा, तिच्याच घरात राहणारा.

आंबीला गेलो. जिथं खाचरं होती तिथं कारखान्याची भिंत आहे. आईच्या बरोबरीची एक मामी हयात आहे. पहिल्या तीन ओळी ऐकून ती म्हणाली, ‘‘तुज्या आजीचं गानं व्हय हे. आमी निराळं म्हनायचो. तिचं तिलाच म्हाईत.’’

मग मी आपल्या मनानं ओळी रचून बघितल्या. बांधावरनं भाऊ गेला बाजाराला. आईनं मान फिरवली. वासुदेव गेला, बाप गेला, सोयरा गेला. प्रत्येकाला ‘अं अं’, आणि डोळ्यांत पाणी. दवाखान्यातली बाई म्हणते, दुसरं गाणं बघा. बघितली. आई त्यांच्या वाटेला जात नाही. तिला हेच पुरं करायचंय.

आता रोज सकाळी चहा झाला की मी तीन ओळी लावतो. ती माझ्या मांडीवर डाव्या हातानं ठेका धरते, म्हणत म्हणत तिसरीच्या शेवटाला येते आणि थांबते. पुढची मी लावत नाही.

काल मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, ‘‘आई, मला येत न्हाई. मी शिकलोच नव्हतो.’’ तिनं ऐकलं. तिला कळलं, हेही मला दिसलं. थोड्या वेळानं तिनं परत माझ्या मांडीवर हात ठेवला, ठेका धरला, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.