आता हलगी वाजत नाही

मंडळी, या ई-मेल गटावर एरवी मी फक्त वाचते. आज राहवत नाही.

अथणीकडचे माझे मामा मेंढरं राखतात. सकाळी ते राजाजीनगरला आमच्याकडे आले. चहा घेताना मी तोऱ्यात सांगितलं, "मामा, आता कायद्यानं लांडग्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. मारला तर जेल."

"ठाऊक हाय," मामा म्हणाले. "आधी मारला की हलगी वाजवत गावभर मिरवायचो, घरोघरी जोंधळे मिळायचे. आता गपचीप मारतो. परवाच बिळाच्या तोंडाशी धूर केला. पिल्लं आतच राहिली. आमची कोकरं त्यानं नेली, ती कोण भरून देतं?"



संध्याकाळच्या बसनं ते परत जातील. मी त्यांना दशम्या बांधून देतेय. वनखात्याला कळवायचं का? तुम्ही कळवलं असतं, सख्ख्या मामाचं नाव घेऊन?