पानाखालची अळंबी

तोरणमाळच्या उतारावर, कुजलेल्या बांबूच्या बुंध्याशी माझी ताई गुडघे टेकून बसली आणि तिथल्या अळंब्या भिंगातून न्याहाळू लागली. ती अळंब्यांवर संशोधन करते. तिला मुद्दाम मीच आणलं होतं. या जंगलातून रिसॉर्टसाठी रस्ता काढायचं घाटत होतं, आणि 'जंगल वाचवा' म्हणणाऱ्या माझ्या पत्रकांनी आजवर एक झाडही वाचवलं नव्हतं.

"ही जात कुठं नोंदलेली नाही बहुतेक," ती म्हणाली. "नवीन असावी."

"नवीन?" वाट दाखवायला आलेली पाड्यावरची काकी हसली. वर आलो की मी तिच्याच घरी उतरतो. "मागच्या पावसात भाकरीसंगं तूच खाल्ली ना रे!"

ताईनं दोन अळंब्या कागदी पिशवीत घेतल्या. उरलेल्यांवर काकीनं सागाचं पान ठेवलं, पानावर खडा. ज्याला आधी दिसली त्यानं पान ठेवायचं. मग दुसरं कुणी हात लावत नाही.

"आता बघ काकी, रस्ता कसा अडतो ते!" मी म्हणालो.

तिचं हसू गेलं. "मग तार येईल."

तार म्हणजे वनखात्याचं कुंपण. पलीकडच्या दरीत दुर्मिळ झाड सापडलं, तेव्हा आलं. झाड वाचलं, पण मोहफुलांना जाणाऱ्या बायकांची वाट बंद. त्या तारेविरुद्ध पत्रक कुणी लिहिलं? मीच. ठळक अक्षरात.

"नोंदीत नुसतं तोरणमाळ लिहिलंस तर?" मी ताईला विचारलं.

"नेमकी जागा नाही दिली, तर रस्ता कशाच्या जोरावर अडवशील?"

म्हणजे गप्प बसलो तर बुलडोझर, बोललो तर तार. जंगल वाचवायचं म्हटलं की आधी जंगलातली माणसं बाहेर काढायची, ही कुठली रीत? पण हा प्रश्न विचारायचा कुणाला? समोर ताई होती, आणि तिचं काहीच चुकत नव्हतं.

प्रयोगशाळेतून 'नवी जात' असा निरोप आला आणि मी ताईला नेमकी जागा जाहीर करू दिली. रस्ता सध्या थांबलाय. काकीला सांगायला गेलो, तर तिनं एवढंच विचारलं, "मी कुठून जाऊ?"

खाली उतरताना बांबूपाशी थांबलो. अळंब्या केव्हाच विरघळल्या होत्या. पान वाळलं होतं, खडा जागचा हलला नव्हता. अख्ख्या पाड्यानं तो पाळला होता.

तार अजून आलेली नाही. तरी माझं नवं पत्रक छापायला गेलंय. मागणी एकच: तारेला फाटक ठेवा.