कादरभाईच्या डब्यातलं खत

आमच्या गल्लीत रिकामा डबा अन् किस्सा, दोन्ही कुणी टाकून देत नाही. साठून साठून आता कुठला कुणाचा हे सांगणं अवघड! पण कादरभाईचे किस्से मला पाठ आहेत, कारण सगळा घोळ मीच घातला.

कादरभाई लोहाऱ्याच्या तहसीलात कारकून. आमची भिंतीला भिंत. एका सकाळी आडावर गोदाबाई कुणाला तरी सांगत होती, "कादरसाब म्हनं रोज डब्यात खत टाकतोय. त्या सोलापूरच्या बाईनं त्याला…" तेवढ्यात रहाट करकरला अन् पुढचं ऐकायचं राहिलं.

आता मी निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दू शिकलेली. खत म्हणजे पत्र! डबा म्हणजे पोस्टाचा लाल डबा! गोदाबाई शेतकऱ्याची बाई, तिचं खत उकिरड्यातलं, हे डोक्यातच आलं नाही. मी आपली मायेनं कादरभाईच्या बायकोला, झुबेदाला, "तुझा नवरा सोलापूरच्या बाईला रोज पत्र टाकतो," असं सांगून मोकळी.

ती म्हणाली, "भाभी, माझं माहेर ईट गावाला हाय. शुक्रवारच्या एसटीनं जाते. परत न्हाय येत!"

शुक्रवारला चार दिवस होते. लागले चौकशीला.

*

अंगणात डोकावले. सगळी शहाबादी फरशी, मातीचं नाव नाही, अन् ओळीनं डबे. सोलापूरच्या प्रदर्शनातून कादरभाईंनी हे वेड आणलेलं. डब्यात विटांचे तुकडे भरायचे, कसलंसं तपकिरी पाणी ओतायचं अन् त्यात टमाट्याची रोपं लावायची. तिसरा डबा बघून मी ओरडलेच, "कादरभाई, हा माझा गुळाचा डबा की!"

"तुमचाच भाभी. म्हणून तर ह्याला मुंगळे जास्त!"

म्हणजे डब्याचा तर उलगडा झाला. पण खत? अन् ती बाई?

*

काही रोपं काचेच्या बरण्यांत होती. मुळांना उजेड चालत नाही म्हणून कादरभाईंनी त्यांना काळं कापड गुंडाळलं. झुबेदानं दोन दिवस अबोला धरला होता, पण हे बघून तिला राहवलं नाही.

"व्वा! बाकी सगळं उघड्यावर, मुळं तेवढी पडद्यात!"

बायको बोलली म्हणून कादरभाई खूश! राग कशाचा होता हे त्यांना कुठं ठाऊक?

*

गोदाबाईचा नवरा दत्तोबा, लई जुना शेतकरी, एकदा मुद्दाम बघायला आला.

"माती कुठाय?"

"लागत नाही."

"मग नांगरता कशात?"

"नांगरायचंच नाही."

दत्तोबानं डब्यांभोवती एक चक्कर मारली. "कादरसाब, तुमी तहसीलात सातबारा लिवता न्हवं? मग ह्यो डबा कंच्या सर्वे नंबरात धरला?"

*

गुरुवारी मी गोदाबाईलाच गाठलं. "कादरभाई कसलं खत टाकतात गं?"

"कसलं म्हंजे? शेळीच्या लेंड्याचं! भिजवून, गाळून."

पळत झुबेदाकडं गेले. गाठोडं बांधून तयार! "अगं, सोड ते. लेंड्याचं खत हाय!"

तिनं सुस्कारा सोडून गाठीला हात घातला, अन् दारात पोस्टमन. कार्ड मराठीत. झुबेदाला उर्दूच वाचता येतं, म्हणून तिनं ते माझ्या हातात दिलं. खाली सही सोलापूरच्या, प्रदर्शनात झाडं दाखवणाऱ्या बाईंची. मी वाचलं:

"आपली चौदा पत्रं पोचली. पानांच्या कडा करपतात, त्या खत जास्त झाल्यानं. खत निम्मं करावं. पत्रंही."

झुबेदानं कार्डावरच्या सहीवर बोट ठेवलं. "म्हंजे बाई हाय?"

"हाय."

"अन् खतं बी लिवली?"

"चौदा."

कचेरीतून नुकतेच आलेले कादरभाई दारातच कळवळले, "पानं करपली म्हणून विचारलं गं! कुणाला विचारणार? दत्तोबाला?"

झुबेदानं गाठोडं सोडलं. कपडे संदुकीत परत टाकले. मग अंगणातून लेंड्यांचा डबा आणला, टेबलावरची शाईची दौत उचलली, दोन्ही त्याच संदुकीत ठेवली अन् कुलूप घातलं. किल्ली ओढणीच्या टोकाला!

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून कादरभाईंचा आवाज आला, "बेगम, जरा खत का सामान देना."

"कौनसे खत का?"