शिवडीच्या चिखलावरचं विमान

आमच्या गिरगावातल्या खोलीत तेव्हा दोन माणसं आणि एक विमान राहत होतं, आणि सगळ्यात जास्त जागा विमानच अडवत होतं. पंख पसरून तीन हात. ते कॉटवर निजायचं, आम्ही खाली. आमचे हे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. तिथले उरलेसुरले व्हॉल्व्ह आणून त्यांनी हे बिनतारी विमान करायला घेतलं, आणि ते वर्षभर पुरलं. पंखांवरच्या कागदाला डोप, म्हणजे तो ताठ करणारं उग्र रोगण, लावायला घेतलं की त्या वासाने शेजारच्या काकू धाडकन दार लावून घ्यायच्या. मी कुठे जाणार?

सगळा कारभार ह्यांच्या हातातल्या डब्यावरच्या एका बटणावर. दाबून धरलं की सुकाणू उजवीकडे वळायचं, सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की डावीकडे, त्यानंतर परत उजवीकडे. मधली पाळी नको असेल तर बटणाला नुसती टिचकी मारून ती वाया घालवायची. म्हणजे मागच्या वेळी काय झालं ते ध्यानात ठेवणं आलं, आणि आमचे हे भाजीला गेले की भाजी आणतील, पिशवी विसरतील अशातले. म्हणून मोजायचं काम माझ्याकडे. विमान सोडायचंही माझ्याकडेच. पदर खोचून वाऱ्याच्या तोंडावर धावायचं, नाक वर न करता ते अलगद सोडायचं आणि धापा टाकत ह्यांच्याजवळ येऊन उभं राहायचं. "आता उजवी. आता डावी." मी पडले शाळेतली बाई, मोजण्यात कधी चुकले नाही.

मग बंगळूरच्या विमान कारखान्यातले एक साहेब दादरला सुटीवर आले आणि रेडिओ घेऊन दुकानात शिरले. बोलता बोलता विषय निघाला. त्यांना छोटी विमानं बनवणारा माणूस हवाच होता. "रविवारी उडवून दाखवा, आणि माझ्या पायाशी आणून उतरवा. मग पुढचं बोलू," ते म्हणाले. हे घरी आले ते जिना तीन तीन पायऱ्यांनी चढत.

त्या आठवड्यात माझं कशात म्हणून लक्ष लागेना. वर्गात पाढे घेताना मीच अडखळायची. आमटीत दोनदा मीठ पडलं. "मुंबईसाठी माणसं गोळ्या झेलताहेत, आणि आपण बिऱ्हाड बांधून बंगळूरला निघायचं?" मी भांडले. "अगं, मुंबई कुठे पळून चालली आहे?" हे हसले. मला हसण्याचाही राग आला. खरं सांगायचं तर संयुक्त महाराष्ट्राचं नाव मी उगाच पुढे करत होते. परळच्या शाळेत जूनपासून मी कायम होणार होते, आणि ते मी ह्यांना सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी साहेबांना तिथल्या तिथे नकार दिला असता. तो उपकार मला नको होता.

रविवारी सकाळी शिवडीला ओहोटी होती. वाटेत पोलिसाने आमची पिशवी उघडायला लावली. विमान त्याला खेळणं वाटलं; बटणाचा बिनतारी डबा मात्र बिनपरवान्याचा, तो मी मेथीच्या जुडीखाली ठेवला होता, म्हणून दिसला नाही. पुढे गोदामांपर्यंत मी पिशवी छातीशी धरूनच चालले. साहेब छत्री टेकून उभे होते. ह्यांनी इंजिन सुरू केलं, मी धावले आणि सोडलं. त्याआधी इतकं सुरेख ते कधी उडालं नव्हतं. मला एकदम रडूच आलं.

आठ पाळ्या बिनचूक झाल्या. इंजिनातलं तेल संपलं, आवाज थांबला, विमान चिखलावरून उतरू लागलं. आता डावीकडे वळलं की थेट साहेबांपुढे.

"कुठली गं आता?" ह्यांनी वर बघतच विचारलं.

पाळी उजवीची होती. आधी टिचकी मारायला हवी होती. मला ते लख्ख माहीत होतं.

"डावी," मी म्हणाले.

ह्यांनी बटण दाबून धरलं. विमान उजवीकडे कललं, आणखी कललं, आणि गिरक्या घेत चिखलात नाकावर आपटलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बांधणी चांगली होती," एवढं बोलून ते निघून गेले.

हे गुडघाभर चिखलात उतरून तुकडे घेऊन आले. दगडावर बसले. मी पदराने त्यांचे पाय पुसायला घेतले, तेव्हा म्हणाले, "उजवीकडे जातंय हे दिसत होतं गं मला. पण तू डावी म्हणालीस ना! म्हटलं, वारा ढकलत असेल. म्हणून बटण सोडलं नाही."

जूनमध्ये मी कायम झाले, तेव्हा पेढे ह्यांनीच आणले आणि अख्ख्या मजल्याला वाटले.