फाटकाची कडी

अड्यारच्या त्या गल्लीत जुनं फाटक तेवढं एकच उरलं होतं. विश्वजितनं दुबईहून पैसे पाठवून घराला रंग दिला, फरशी बदलली. फाटकाला मात्र विजयालक्ष्मीनं कुणाला हात लावू दिला नाही. त्याची कडी वाजली की थेट स्वयंपाकघरात ऐकू यायची, आणि एवढ्यासाठीच तिला ते हवं होतं.

सत्त्याऐंशी साली तिचे यजमान माधवराव गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामाला म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत. कारखान्यातही पोचले नव्हते. पोलीस झाले, ज्योतिषी झाले. शाळेतल्या कारकुनीवर तिनं विश्वजितला, एकुलत्या मुलाला, वाढवलं, पण कपाळाचं कुंकू पुसलं नाही. दिवसा कडी वाजली, तर ती शेजारपाजाऱ्यांसारखीच तमिळमध्ये 'यारु?' म्हणून कोण आलंय ते विचारायची. दिवेलागणीला, त्यांच्या यायच्या वेळेला वाजली, तर घरातल्या मराठीत, 'आलात का?' कधी दूधवाला असायचा, पुष्कळदा कुणीच नसायचं. वारासुद्धा नसायचा. तिला त्याचं भय कधी वाटलं नाही. उलट बरं वाटायचं.

दोन हजार सहा साली विश्वजितनं कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. तिथं घर विकत घ्यायचं, की साऱ्या कुटुंबाला पासपोर्ट. नकाशात बेट तांदळाच्या कणीएवढं, पण त्या पासपोर्टावर म्हणे निम्मं जग व्हिसाशिवाय हिंडता येतं. भारताचा तेवढा परत करायचा. आईला इथं एकटी ठेवायची नाही, हा त्याचा हट्ट होता आणि तो खोटा नव्हता. मागं ती न्हाणीघरात पडली, तेव्हा दुसऱ्या दिवशी मोलकरीण येईपर्यंत तशीच पडून होती. पण आश्रित आई म्हणून नाव घालायचं, तर वडिलांचं काय झालं ते सांगणं आलं. सात वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला कोर्ट मृत ठरवू शकतं. बायकोनं तिथं उभं राहून बोलायचं.

"अप्पा गेले, एवढंच बोल, आई."

"मी पाहिलं नाही. न पाहता कसं बोलू?"

तो चिडला नाही, रडला. बाप हरवला त्या वर्षानंतर तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आणि तिथंच ती हरली.

कुंकू पुसून ये असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टाकडे जाताना ऑटोतच तिनं ते पदरानं पुसलं. विचारलं तेव्हा, ते आता नाहीत, असं खालच्या आवाजात सांगितलं. बाहेर आल्यावर विश्वजितनं तिला कॉफी पाजली.

त्या दिवसापासून दिवेलागणीला कडी वाजेना. आधी ती कान देऊन बसायची. मग तिला शांत झोप लागू लागली, आणि त्याचीच तिला लाज वाटायची.

पुढच्या वर्षी पासपोर्ट आला. फोटोतलं कपाळ मोकळं, जन्म तंजावरचा, देश तिनं कधी न पाहिलेला. तिनं तो देवापुढे ठेवला, सांजवात लावली आणि भात चढवायला आत गेली.

कडी वाजली. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. माधवराव वाजवायचे तशीच.

तिच्या हातातली पळी गळून पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या आवाजाचं भय वाटलं. जागची न हलता तिनं विचारलं, "यारु?"