मेडरूममधला प्रेस

शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक अरुंद खोली आहे. इथे तिला मेडरूम म्हणतात. घरात राहणारी कामवाली आम्ही कधी ठेवली नाही, त्यामुळे तिथे सुटकेसा, इस्त्रीचं टेबल आणि गणपतीच्या मखराचं सामान असायचं. आई गेल्यानंतर बाबा कायमचे आमच्याकडे आले, त्या हिवाळ्यात मी ती खोली रिकामी केली. मला तिथे काडतुसं भरायचं टेबल मांडायचं होतं.

मी हमरियातल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या क्लबात जातो. बंदूक क्लबाची, काडतुसं क्लबाची; झाडून झाली की टरफलं तिथल्याच डब्यात टाकायची. ती पितळी टरफलं फेकून देताना मला वाईट वाटायचं. मग एकदा यूट्यूबवर अमेरिकेतल्या एका माणसाचा व्हिडिओ दिसला. तो आपल्या गॅरेजमध्ये बसून रिकामी टरफलं पुन्हा भरत होता. कॉफीचा मग शेजारी, कुत्रा पायाशी. मला ते फार आवडलं. दिवसभर मी इतरांनी बनवलेल्या व्हॉल्व्हमधल्या चुका शोधतो; इथे एक वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातची झाली असती.

त्यानंतर दोन महिने माझ्या डोक्यात काडतुसं भरायच्या दाबयंत्राशिवाय, म्हणजे प्रेसशिवाय, काही नव्हतं. एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस घ्यायचा, की फिरत्या माथ्याचा, की दांडा ओढला की सगळी कामं एकदम करणारा? साधा मजबूत, पण सावकाश. मोठा भराभर काम करणारा, पण नवशिक्याचं लक्ष चुकवणारा. जेवताना मी हेच बोलायचो. बायको म्हणायची, "अरे, पण हे इथे चालतं का? विचारलंस कुणाला?"

"विचारू ना. आधी टेबल तर होऊ दे."

टेबलासाठी औद्योगिक भागातून जाड लाकूड कापून आणलं. बाबा मदतीला होते. ते पुण्याजवळच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात प्रेसवर होते. पितळी पत्र्यापासून टरफलं ओढायचं काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. घरी ते कारखान्याविषयी फारसं बोलत नसत. आई गेल्यापासून तर एकूणच कमी बोलायचे. सकाळी बाल्कनीत बसून समोरच्या मशिदीबाहेरच्या गाड्या बघत राहायचे. टेबल करताना मात्र त्यांना हुरूप आला होता. पाय भिंतीला कसे आवळायचे, मधे आडवी पट्टी कुठे द्यायची, सगळं तेच सांगत होते.

"प्रेस किती वजनाचा आणणार आहेस?" त्यांनी विचारलं. "आणि काय काढायचंय त्याच्यावर?"

मी फोन त्यांच्या हातात दिला आणि व्हिडिओ लावला.

त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला. फोन परत दिला, हातातला पाना टेबलावर ठेवला.

"दारू घरात भरणार?"

"थोडीशीच असते, बाबा. सगळं मोजून मापून करतात. तो माणूस बघा ना, कसा आरामात करतोय."

"आमच्याकडे भरायची शेड वेगळी होती," ते म्हणाले. "चारी बाजूंनी मातीचे बांध. आत जाताना बूट बदलायचे, खिसे तपासायचे. टेरिकॉटचा शर्ट घालून कुणाला आत सोडत नव्हते, ठिणगी उडते म्हणून. आणि हे सगळं करूनही माझा मित्र गेला ना त्यात."

मला वाटलं मित्र वारला. तसं नव्हतं. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागलेले. मित्राची नेमणूक भरायच्या शेडमध्ये झाली, बाबांची प्रेसवर. एका सकाळी तिथे काहीतरी पेटलं. का, ते नीट कळलंच नाही. मित्राच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि एक डोळा गेला.

"हुशार होता, सावध होता," बाबा म्हणाले. "मी दर दिवाळीला जायचो त्याच्याकडे. डाव्या हातानं फराळाचं ताट पुढे करायचा. मला खाववायचं नाही." मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हात केला. "तिथे गॅस आहे. या भिंतीच्या पलीकडे माझी नात झोपते. मला हे चालणार नाही."

मला राग आला होता. चाळिशी उलटलेल्या माणसाला स्वतःच्या घरात काय करायचं ते वडिलांनी सांगावं, हे मला पटलं नाही. आणि त्यांनी हे इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं, याचाही राग होता. तो आठवडा आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो.

सुट्टीला क्लबात गेलो तेव्हा रेंजवरच्या अधिकाऱ्याला गाठलं. इमिराती माणूस, माझ्याच वयाचा, नेहमी हसून बोलणारा. मी विचारलं, घरी काडतुसं भरायला परवानगी मिळते का, अर्ज कुठे करायचा?

तो हसायचा थांबला. "हबीबी, घरी? नो, नो. प्रेस मागवलायस का?"

"नाही."

"अल्हम्दुलिल्ला. मागवू पण नकोस. खलास, विसरून जा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "इथे ये, मार, घरी जा. यल्ला, तुझा नंबर आलाय."

त्या दिवशी माझा नेम साफ बिघडला होता. गाडीत बसल्यावर आधी स्वतःची लाज वाटली. बायकोचा साधा प्रश्न मी दोन महिने टाळला होता. मग जरा हलकंही वाटलं, कारण आता बाबांशी भांडायला काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांना सांगितलं, "इथे परवानगी नाही."

"असती तर?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. "बरं, खरं बोललास."

टेबल महिनाभर रिकामं होतं. त्यावर पुन्हा सुटकेसा चढल्या. मग बायकोच्या मिक्सरचं चटणीचं भांडं गळायला लागलं. पात्याची दांडी ज्यात फिरते तो खालचा बुश झिजला होता. बर दुबईतल्या एका दुकानात बुश मिळाला, पण बसवून देणारा सुट्टीवर गावी गेलेला. बाबा म्हणाले, "आण इकडे." त्यांनी टेबलावर भांडं उलटं धरून हातोडीनं बुश ठोकला. तो तिरका गेला आणि भांडं आणखीच गळायला लागलं.

"हे ठोकायचं काम नाही," ते हात पुसत म्हणाले. "दाबायचं काम आहे. छोटा हातप्रेस हवा."

असा मी दुसऱ्यांदा प्रेस निवडायला निघालो, या वेळी बाबांना घेऊन. औद्योगिक भागात जुन्या मशिनरीच्या दुकानांची एक रांगच आहे. तिथल्या एका पठाण दुकानदारानं आम्हाला आधी नवा, निळा, चकचकीत प्रेस दाखवला. बाबांनी दांडा अर्ध्यावर आणून दांड्याखालचा चौकोनी गज हातानं हलवला. तो हलला. दुसऱ्याचं तेच. तिसरा कोपऱ्यात धुळीत पडला होता, रंग उडालेला, बंद पडलेल्या कुठल्यातरी गॅरेजमधून आलेला. बाबांनी त्याचा गज हलवून बघितला, तो जराही हलला नाही; मग वर्तमानपत्राचा तुकडा त्याखाली ठेवून दांडा दाबला आणि कागद उजेडात धरला. दाबाची खूण सगळीकडून सारखी उमटली होती.

"भाई, ये पुराना है, नया ले जाओ," दुकानदार म्हणाला.

"हमको यही चाहिए," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं ठासून बोलताना ऐकलं.

तो प्रेस इतका जड होता की वॉचमनला हाक मारून आम्ही तिघांनी मिळून लिफ्टमध्ये चढवला. बाबांनी दोन दिवस रॉकेलनं घासून तो साफ केला, बोल्टांनी टेबलाला आवळला. चटणीच्या भांड्यात बुश सरळ बसला. ही गोष्ट बायकोनं लिफ्टमध्ये शेजारणीला सांगितली आणि मग आमच्या दारात भांडी यायला लागली. मल्याळी घरांची इडलीची, गुजराती घरांची ज्यूसची, आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांची तर सगळीच. बाबा कुणाकडून काही घेत नाहीत. लोक अप्पम, ढोकळा, खजूर ठेवून जातात. माझी मुलगी दार उघडून आत ओरडते, "आजोबा, अनदर लीकिंग वन!" आणि ते आतून म्हणतात, "पाठव, पाठव."

मी अजून क्लबात जातो. एकदा बाबांना विचारलं, येता का? म्हणाले, आवाज नको वाटतो. मी पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्यात ते पुण्याला जातात. गेल्या जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाई भांडं घेऊन आल्या, त्यांच्या घरी पाहुणे होते. मी व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा केला. बाबा पुण्यातून सांगत होते, "घाई नको. आधी बोटानं सरळ बसव. आता दांडा. हळू. थांब, तिरका चाललाय." मी थांबलो नाही, आणि तो तिरकाच बसला.

"काढ," ते म्हणाले. "दुसरा बुश आहे ना? खालच्या खणात बघ."

दुसरा नीट बसला. भांड्यात पाणी भरून मी ते टिश्यू पेपरवर ठेवलं आणि आम्ही दोघं बोलत बसलो, त्यांच्या गुडघ्यांविषयी, पुण्यातल्या पाण्याविषयी. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कागद बघितलास का?"

बघितला. कोरडा होता.