सोंडेवरचा पहारा

सकाळी गाडीजवळ आले की मामा आधी सोंडेच्या तोंडात दोन बोटं घालायचे. एखादं वाळकं पान हाताला लागलं, तर ते माझ्यासमोर धरून विचारायचे, "ह्ये कुठनं आलं?" मी वरच्या झाडाकडे बघायचो. ते मात्र समोरच्या पानटपरीकडे बघायचे. "आपोआप काय येत न्हाय, सायब. कुणाचं तरी काम हाय ह्ये."

दूध संघाच्या फिरत्या पशुदवाखान्यावर मी डॉक्टर म्हणून लागलो, तेव्हा मामा तिथले जुने ड्रायव्हर होते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि मला 'सायब' म्हणणारे पहिले तेच. कोल्हापुरातून राधानगरीकडच्या वाड्यांवर जायचं, तर पावसाळ्यात रस्त्यावरून पाणी वाहतं. इंजिनाने हवेबरोबर ते ओढू नये म्हणून आमच्या जीपची हवा घेणारी नळी काचेच्या कडेने टपापर्यंत वर नेलेली होती. कागदोपत्री तिचं नाव स्नॉर्केल. आम्ही तिला सोंड म्हणायचो.

तुमच्याही ओळखीत संशयी माणसं असतील. पण एका नळीपायी अख्ख्या गावावर संशय घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे पुढे तर गाडी उभी केली की मामा सोंडेवर दह्याची रिकामी बादली उपडी घालत आणि सुतळीने बांधत. गाठ अशी, की दुसऱ्याने सोडली तर त्यांना कळावं. चहाला बसायचं ते गाडी दिसेल अशाच बाकावर. गाडी धुणाऱ्याला ते लांबूनच ओरडत, "फवारा खाली धर! तिच्या तोंडात मारतोस व्हय?"

एकदा मी ओला रेनकोट सोंडेला अडकवला. मामांनी तो दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिला. "सायब, गाडीचं नाक हाय त्ये, खुंटी न्हवं."

त्या पावसाळ्यात गाडी चढाला धापा टाकू लागली. वर्कशॉपमध्ये बघितलं तर हवेचा फिल्टर चिंब. नवा घातला, आठवड्यात तोही भिजला. ऑफिसचा समज झाला की मामा गाडी नको तिथे पाण्यात घालतात. मला कारणांचा रिपोर्ट द्यायला सांगितलं, आणि दोष ड्रायव्हरचा निघाला तर त्याला गाडीवरून काढू, हेही सांगितलं.

मामांना ते कळलंच. त्यांचा संशय वर्कशॉपमधल्या मेकॅनिकवर होता. "त्याच्या भावाला माझी सीट पायजे. त्योच पाणी वततोय." मी डायरीत म्हशीचं औषध लिहिलं तरी विचारायचे, "माझंच लिवताय न्हवं?"

खरं सांगतो, मीही संशय घेऊ लागलो, मामांवरसुद्धा. एका सकाळी लवकर जाऊन सुतळीची गाठ चाचपत होतो. मागून आवाज आला, "गावली का काय चोरी?" मामा छत्री घेऊन उभे होते. त्या दिवशी दौऱ्यात चहाला आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

शेवटी मी गाडीचं माहितीपुस्तक काढलं. इंग्रजी होतं, अडलेले शब्द शोधत वाचलं. पाऊस सोंडेच्या तोंडात थोडा जाणारच, तो बाहेर पडावा म्हणून तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात, असं त्यात होतं. आमच्या सोंडेला भोकं दिसेनात. नखाने खरवडलं तर काळ्या रंगाखाली पुट्टी लागली.

मी धावतच मामांकडे गेलो. "मामा, तुमचं खरं होतं. कुणीतरी भोकं बुजवलीत."

त्यांनी वाकून बघितलं. पुट्टीवरून अंगठा फिरवला.

"कुणीतरी न्हाय," ते म्हणाले. "मीच."

उन्हाळ्यात कुंभारीण माशीने त्या भोकांत मातीचं घर केलं होतं. मामांनी माती काढली, आणि पुन्हा काही शिरू नये म्हणून पुट्टी भरून वरून रंग दिला होता. "भोक म्हंजे पाणी आत यायची वाट, आसं वाटलं की मला. भायेर जायाची आसंल, ह्ये डोक्यातच न्हाय आलं."

माझ्या पेटीतली जनावरांची जाड सुई घेऊन आम्ही दोघांनी भोकं मोकळी केली.

"रिपोर्टात काय लिवणार?" त्यांनी विचारलं.

"पाणी जायला वाट नव्हती, एवढंच लिहितो."

"आणि वाट कुणी बुजवली, त्ये?" मी पेटी आवरू लागलो, तसे ते चिडले. "माझं नाव घाला. न्हायतर त्या मेकॅनिकवर जाईल. मीच महिनाभर त्याच्या नावानं बोंबलतोय, समद्यांनी ऐकलंय."

मी नाव घातलं. भोकं कशासाठी असतात हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, हेही लिहिलं. नावच तेवढं वाचलं गेलं. मामांची बदली गोडाऊनवर झाली. जाताना ते वर्कशॉपमध्ये गेले आणि मेकॅनिकला चहा पाजून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात राधानगरीच्या वाटेवर धो धो पाऊस लागला. गाडी चढाला एकदाही अडली नाही. नवा ड्रायव्हर गाणं गुणगुणत होता. काचेपलीकडे सोंडेच्या तळातून पाणी थेंब थेंब बाहेर पडत होतं. मला ते कुणाला तरी दाखवायचं होतं.